आमच्या घरातली सार्वत्रिक उत्पन्न योजना

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. मी एक प्रयोग करणार आहे. पुढे कोणी विचारलं की पंजाबराव, याची सुरुवात नेमकी केव्हा झाली, तर तारीख हाताशी हवी.

आज ज्येष्ठ नागरिक मंडळात चर्चा होती. गरीब-श्रीमंत न बघता सरकारने प्रत्येक माणसाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी काय? काम नाही, अट नाही, प्रश्न नाही. याला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात. त्याचे दूरगामी फायदे आणि तोटे, असा विषय. निम्मे म्हणाले, फुकटचा पैसा मिळाला की माणूस आळशी होतो. म्हणणारे सगळे पेन्शनर. उन्हात खुर्च्या टाकून शेंगदाणे खात म्हणत होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, दूरगामी दूरगामी करता, पण तेवढं दूर जाऊन पाहिलंय कोणी? कोणीतरी करून बघायला पाहिजे. टाळी पडली. एकच होती, पण मनापासून होती.

घरी येईपर्यंत निश्चय पक्का.

६ जानेवारी

प्रयोगाचं ठिकाण: आमचं घर, चिखली रोड, बुलढाणा. लोकसंख्या चार.

पहिला मी. तीन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयातून निवृत्त. उभी नोकरी दुसऱ्यांची बिलं तपासली. पहिल्या फेरीत एकही पास होऊ दिलं नाही. आक्षेप काढावा तर पंजाबरावांनी, असं लोक म्हणत. आदराने म्हणत असावेत. दुसरी पुष्पा, माझी पत्नी. तिसरी माय, केसरबाई, ऐंशीच्या पुढे. चौथा अविनाश, पुष्पाचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आला होता. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी आहेत.

आजवर घरात पद्धत अशी की, ज्याला पैसे हवेत त्याने माझ्याकडे यायचं. मी विचारायचं कायले. त्याने कारण सांगायचं. मी त्यात आक्षेप काढायचा. मग थोडे कमी द्यायचे. पद्धत उत्तम चालली होती, पण देशासाठी त्याग करावा लागतो.

संकल्प: फेब्रुवारीपासून लाइट बिल, गॅस आणि कामवाल्या बनाबाईचा पगार वळता करून माझी सगळी पेन्शन चौघांत सारखी. कायले हा शब्द या घरातून हद्दपार. वर्षअखेर पेपर लिहून थेट दिल्लीला पाठवायचा. दिल्लीला बोलावलं तर स्वेटर लागेल.

१ फेब्रुवारी

योजनेचा शुभारंभ. चार पाकिटं केली. छोटं भाषण केलं.

मायला वाटलं कोणाचं लग्न आहे. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, नवरीचं नाव नाही याच्यावर. अविनाशने विचारलं सही कुठं करू. मी म्हणालो, सही नाही, काही नाही, हे तुझे. तो घाबरला. म्हणाला, भाऊजी, मले घरातून काढून राह्यले का?

पुष्पाने पैसे मोजले आणि विचारलं, किराणा यातूनच का? हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, अर्थातच, आता प्रत्येक जण स्वतंत्र आहे. ती हसली. इतकी कृतज्ञता मी तिच्या चेहऱ्यावर प्रथमच पाहिली.

२ फेब्रुवारी

पुष्पा पैसे घेऊन बाजारात गेली. दोन तासांनी परत. काय आणलं हे योजनेनुसार मला विचारता येत नाही. ती आत गेल्यावर पिशवीत फक्त डोकावलं. पिशवी रिकामी.

मग गेली कशाला? दिवसभर हाच विचार. जेवणात लक्ष नव्हतं.

४ फेब्रुवारी, सकाळी

चहा नाही. विचारलं तर पुष्पा म्हणाली, आहे ना, दहा रुपये.

मी हसलो. ती हसली नाही. तिचं म्हणणं असं: आधी दूध तुमच्या पैशाचं, म्हणून चहा तुमचा. आता दूध माझ्या पैशाचं, साखर माझी, अन् हात बी माझेच.

मी दहा रुपये दिले. अविनाशनेही. मायला फुकट. मी आक्षेप घेतला, तर माय म्हणाली, मी हिले लग्नानंतर तीन वर्षं चहा करून पाजला, तो फिटून राह्यला.

नोंद केली: अवघ्या चार दिवसांत घरात बाजारपेठ उभी राहिली. हा फायदा क्रमांक एक. मंडळात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

चहा बारा रुपये. आलं महागलं म्हणे. हीच ती महागाई, जिच्याबद्दल विद्वान लोक इशारा देतात. मी बिनआल्याचा मागितला. तोही बारा. एकाच ठिकाणी चहा मिळत असला की असं होतं.

माझा दिवसाला सहा कप चहा होतो हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. जेवणाचेही पैसे पडतात, त्यामुळे माझा हिस्सा संपत आला आहे. संशोधकाला खर्च असतोच.

संकल्प: उद्यापासून स्वतःचा चहा स्वतः.

१२ फेब्रुवारी

कोरा चहा ठेवला. तेवढ्यात पेपरसाठी एक चांगला मुद्दा सुचला. तो लिहून होईपर्यंत भांडं काळं.

बनाबाई आमच्याकडे भांडी-धुणं करते. तिने भांडं हातात धरून निरखलं आणि म्हणाली, साहेब, हे पगारात बसत नाही. मग पदर खोचून उभी राहिली. म्हणे, मी ऐकून राह्यली, सगळ्याइले पाकीट भेटलं. तुमीच म्हणता सार्वत्रिक. सार्वत्रिक म्हणजे सगळे ना? मंग मी कोण होय?

मी शांतपणे समजावलं की प्रत्येक योजनेला हद्द असते. देशाला सीमा, तसं घराला छप्पर. जो या छपराखाली झोपतो तो नागरिक. तिला पटलं. न बोलता भांडी घासली.

१३ फेब्रुवारी

दुपारी भांडी झाल्यावर बनाबाईने व्हरांड्यात पोतं अंथरलं आणि झोपली. उठून पदर झटकत म्हणाली, झोपली ना?

मी नियम मनातल्या मनात तीनदा वाचला. रात्री असा शब्द त्यात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला आक्षेप सापडला नाही.

१ मार्च

पाच पाकिटं. प्रत्येकी हिस्सा घटला. लोकसंख्यावाढ हा तोटा क्रमांक एक.

अविनाशने फेब्रुवारी महिना पूर्ण झोपून काढला. जेवायला उठायचा, बारा रुपये देऊन चहा प्यायचा, पुन्हा झोपायचा. पेपरमध्ये एक स्वतंत्र प्रकरण: आळस. वाईट वाटतं, पण विज्ञानात नातं बघायचं नसतं.

मायने रिक्षा लावली आहे. महिन्याच्या बोलीवर, रोज संध्याकाळी. गेली कित्येक वर्षं ती मला म्हणायची, मले जरा मैत्रिणीकडे घेऊन चाल. मी म्हणायचो, कायले? आता रिक्षा दारात येते, ती बसते, जाते. काल राजूर घाटात जाऊन भजी खाऊन आली. तिथे काय होतं विचारलं. म्हणाली, घाट होता.

८ मार्च

माझा चुलतभाऊ तुळशीराम वरवट बकालहून आला. दोन एस.टी. बदलून. बरोबर गादी, उशी आणि तांब्या. शेत त्याने बटईने दिलं आहे, स्वतः मोकळाच असतो.

मी म्हणालो, ये, किती दिवस मुक्काम? तो म्हणाला, दादा, लपवून कायले ठेवू, मी तर झोपालेच आलो.

योजनेची कीर्ती वरवट बकालपर्यंत गेली याचा मनातून आनंद झाला. गादी ठेवायला मीच जागा करून दिली. नंतर हिशेब लक्षात आला.

१९ मार्च

आज अविनाशला म्हणालो, गॅसचा नंबर लाव, पीठ दळून आण, मला मंडळात सोड. तो गादीवरून म्हणाला, भाऊजी, किती द्याल?

मी थक्क. सहा वर्षं हा माणूस माझ्या एका हाकेवर धावत होता. मी म्हणालो, अरे, तू इथे राहतोस, जेवतोस. तो म्हणाला, तेव्हा तुमचं खात होतो. तेव्हा नाही कसं म्हणू? आता जेवणाचे ताईले देतो. आता मले इचार करा लागते, जावं का नाही.

मंडळात चालत गेलो. उन्हाने डोकं दुखलं. तोटा क्रमांक दोन: मनुष्यबळाची टंचाई.

१४ एप्रिल

जयंती. पहाटेच विहारात जाऊन आलो.

संध्याकाळी मिरवणुकीला मायची रिक्षा निघाली. रिक्षावाल्याने निळे झेंडे, झेंडूच्या माळा लावल्या होत्या. माय पांढऱ्याशुभ्र साडीत मधोमध, दोन्ही बाजूंना मैत्रिणी. रस्त्यात लोक हात जोडून जय भीम म्हणत होते. तीही प्रत्येकाला म्हणत होती, मान हलवत, जणू मिरवणूक तिच्यासाठीच आहे.

मी रिक्षा थांबवून जागा आहे का विचारलं. माय म्हणाली, पंजाब, तू मागून ये.

मागून गेलो. छान झाली मिरवणूक.

६ मे

अविनाशचं काहीतरी चाललं आहे. सकाळी सातला जातो, चारला येतो. विचारता येत नाही, म्हणून मागे मागे गेलो.

तर हा रांगेत उभा! खेड्यापाड्यांतून लोक दाखल्यांसाठी बुलढाण्याला येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा. आख्खा दिवस रांगेत, मजुरी बुडते, शेवटची गाडी चुकते. अविनाश त्यांच्यासाठी उभा राहतो. नंबर जवळ आला की फोन करतो, मग माणूस येतो. त्याचे पैसे घेतो. माझी कामं करून करून त्याला कोणत्या खिडकीवर कोणत्या वारी गर्दी असते ते तोंडपाठ आहे.

मी विचारलं, हे तुला आधी का सुचलं नाही? म्हणाला, सुचलं होतं ना. पण पैल्या महिन्यात गिऱ्हाईक नसते. तेव्हा खायाले काय, तुमाले काय सांगू? फेब्रुवारीत पडून पडून तोच इचार करून राह्यलो होतो.

आळस हे प्रकरण तूर्त बाजूला ठेवलं. शीर्षक बदलून पाहतो.

२ जून

दाखल्यांचे दिवस. आमच्या व्हरांड्यात रोज वीस-पंचवीस माणसं. अविनाशची गिऱ्हाईकं इथेच थांबतात, पुष्पाचा चहा पितात, बनाबाईच्या भाकरी आणि ठेचा खातात. दोघी भागीदार आहेत. मायची रिक्षा बस स्टँडवरून नवी गिऱ्हाईकं घेऊन येते. म्हातारीला पाहिलं की लोकांना भरवसा वाटतो.

तुळशीरामलाही काम मिळालं. पहाटे कार्यालयाच्या फाटकाशी गादी टाकायची आणि झोपायचं. फाटक उघडतं तेव्हा पहिला नंबर त्याचाच. म्हणतो, दादा, मी झोपालेच आलो होतो, बरोबर जागी आलो.

सगळे अतिशय व्यग्र. आज कोणी माझ्याशी बोललं नाही, एका गिऱ्हाइकाशिवाय. त्याने विचारलं, काका, तुमचं कोणतं सर्टिफिकेट अडकलं?

१० जून

खोल विचार केला. योजना भरकटली आहे. लोकांना उत्पन्नाची सवय झाली आणि उत्पन्न देणाऱ्याचा विसर पडला. गेल्या कितीतरी दिवसांत कोणी माझ्याकडे काही मागायला आलेलं नाही. मी मुद्दाम दारातच खुर्ची टाकून बसतो. लोक खुर्ची ओलांडून जातात.

यावर उपाय शिस्त. एक जुलैपासून प्रत्येकाने मागच्या हिश्श्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. कशावर खर्च झाला, का झाला, त्यातून काय साधलं. ही अट नव्हे. ही माहिती.

पेपर दिल्लीऐवजी मुंबईला पाठवावा असं वाटतं. दिल्लीत उन्हाळा फार.

१ जुलै

पाकिटं घेऊन टेबलाशी बसलो. जाहीर केलं: आधी प्रमाणपत्र, मग पाकीट.

कोणी आलं नाही.

दुपारपर्यंत बसलो. शेवटी पुष्पाने बनाबाईच्या हाती चहा पाठवला. बारा रुपये घेऊन बनाबाई म्हणाली, साहेब, तुमची पाकिटं उडून राह्यली, पंखा बंद करा.

संध्याकाळी सगळ्यांची बैठक बोलावली. म्हणालो, माझी पेन्शन, माझी योजना, मी ती बंद करू शकतो. वाटलं, आता गयावया होईल. पुष्पा म्हणाली, करा ना. तुमाले ओझं झालं असंन. आमचं आमी पाहून घेतो.

माय म्हणाली, बरं झालं, रोजची कटकट गेली. आणि रिक्षात बसली.

६ जुलै

योजना बंद, त्यामुळे मी आता विचारायला मोकळा. दुपारी पुष्पा एकटी ओट्याशी होती. विचारलं, त्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, बाजारात जाऊन काय घेतलंस?

पाच महिने मी हा प्रश्न पोटात घेऊन हिंडलो होतो.

ती म्हणाली, काही नाही. पैसे घेऊन बजारात दोन चकरा मारल्या. साडीच्या दुकानात बसली. त्यानं पंधरा साड्या पसरून दाखोल्या. म्हटलं, नाही आवडली. उठून आली. एकतीस वर्षांत पैल्यांदा, पैसे असून नाही घेतली.

मी म्हणालो, मी कधी तुला नाही म्हणालो का? ती म्हणाली, नाही म्हणत नव्हते तुमी. इचारत होते.

मग म्हणाली, आल्यावर तुमी पिशवीत पाह्यलं, ते बी मी पाह्यलं.

यावर काय निष्कर्ष काढावा समजत नाही. पैसा हाती आला पण खरेदी झाली नाही. पेपरमध्ये कुठे बसवू? आज चहा घेतला नाही. तिने दोनदा विचारलं.

४ ऑगस्ट

आता पूर्ण पेन्शन माझ्या हातात. घरातला सर्वांत श्रीमंत माणूस मी. व्हरांड्यात मोठ्याने म्हणालो, कोणाला काही लागलं तर सांगा बरं का, संकोच करू नका. गिऱ्हाइकांपैकी एकाने पाणी मागितलं.

मायला म्हणालो, चल, मी तुला मैत्रिणीकडे नेतो. ती म्हणाली, काऊन? रिक्षावाला आजारी आहे का?

अविनाशला म्हणालो, धंद्यात भांडवल घालू का? तो म्हणाला, भाऊजी, रांगेत कायचं भांडवल? पाय पाह्यजे.

पैसे मोजून कपाटात ठेवले. कपाट उघडून पुन्हा मोजले. तितकेच होते.

२४ ऑगस्ट

मुंबईवाल्यांना वऱ्हाडातलं काही कळत नाही. पेपर अमरावतीला पाठवावा. विभागीय पातळीवर काम जास्त खोल होतं.

७ सप्टेंबर, रविवार

अमरावतीच्याही आधी आपल्या माणसांना ऐकवावं, म्हणून आज मंडळात व्याख्यान. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न: दूरगामी फायदे आणि तोटे. इस्त्रीचा शर्ट घातला.

सोळा पानं वाचली. फायद्यांच्या बाजूला उद्योग, बाजारपेठ, वृद्धांचं चलनवलन. तोट्यांच्या बाजूला महागाई, घुसखोरी, मनुष्यबळाची टंचाई, आणि एक तोटा ज्याला मला नाव सापडत नव्हतं. तिथे मी नुसतं म्हणालो की, देणाऱ्याचं पुढे काय करायचं, याचा सिद्धांतात विचार झालेला नाही.

शांतता पसरली. मला वाटलं भिडलं. मग अध्यक्षांनी विचारलं, पंजाबराव, तो बारावाला चहा रविवारी सुरू असतो काय? उत्तर देण्याआधीच अर्धे उठले.

घरी आलो तर व्हरांड्यात आख्खं मंडळ. बसायला जागा नव्हती. तुळशीराम सगळ्यांना नंबर देत होता. मला म्हणाला, दादा, घरचे असले तरी नंबर घ्या लागते, नाही त लोकं चिडतात.

१५ सप्टेंबर

मनाशी ठरवलं. मीही कामाला लागणार. अविनाशकडे गेलो आणि म्हणालो, मला रांगेत उभं कर.

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, भाऊजी, नुसतं उभं राहा लागते. बोलायचं नाही. जमंन का?

बे, मी म्हणालो, तुझ्याहून जास्त वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत.

१६ सप्टेंबर

अभूतपूर्व यश. सकाळी नऊला रांगेत उभा राहिलो तेव्हा पुढे तीस-पस्तीस माणसं. साडेदहाला मी पहिला!

कसं ते सांगतो. पुढच्या माणसाचा अर्ज सहज दिसला. त्यात वडिलांचं नाव एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरं. मी लक्षात आणून दिलं. बिचारा घरी गेला. त्याच्या पुढच्या बाईंच्या झेरॉक्सवर सही नव्हती. त्याही गेल्या. मग लोक आपणहून मला कागद दाखवू लागले. एकाचीही कागदपत्रं बिनचूक नव्हती. पुष्कळ वर्षांनी हाताला असं काम लागलं. एका म्हाताऱ्याचा अर्ज तर मी तीन ठिकाणी लाल केला. पेन नेहमी खिशात असतो.

रांग संपली. खिडकीतल्या मुलाने बाहेर डोकावून विचारलं, आज सुट्टी आहे काय?

१६ सप्टेंबर, संध्याकाळ

अविनाश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. व्हरांड्यात पायरीवर बसून हळू म्हणाला, भाऊजी, त्यातले अठरा आपले गिऱ्हाईक होते, नंबर जवळ आला म्हणून मीच फोन करून बोलावले होते. खिडकीवाला पोरगा तितल्या तितं दुरुस्ती करून घेतो. रोजच घेतो. तुमी त्याइले गावाले वापस धाडून राह्यले. त्या बुढ्याचं गाव पार जामोदकडे आहे.

सगळ्यांचे पैसे अविनाशला परत द्यावे लागले. मी कपाटातून आणून दिले. त्याने मोजून घेतले. या सगळ्या प्रकारात मला तेवढंच बरं वाटलं. कोणीतरी माझ्याकडून काही घेतलं.

त्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी मायने रिक्षातून जाऊन स्टँडवर घेतलं आणि तुळशीरामने आपला पहिला नंबर त्याला दिला, असं बनाबाई पुष्पाला सांगत होती. मला कोणी काही सांगितलं नाही.

(ही शेवटची दोन वाक्यं अठरा तारखेला लिहिली. दरम्यान रोजनिशी लिहिण्याची इच्छा नव्हती.)

२८ सप्टेंबर

पेपर कोणालाही पाठवायचा नाही. अजून दूर गेलोच नाही, तर दूरगामी कसं म्हणणार?

१ ऑक्टोबर

सकाळी पुष्पाने सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. चहाचे, भाकरीचे, रांगेचे, रिक्षाचे, महिन्याभराचे सगळे पैसे एकत्र करून तिने सारखे हिस्से केले होते. जुलैपासून ते असंच करतात म्हणे. मला वाटायचं, पहिल्या तारखेला सगळे मिळून भजन वगैरे करतात.

हिस्से सहा. माय, पुष्पा, अविनाश, बनाबाई, तुळशीराम. सहावा माझ्या पुढ्यात ठेवला.

मी म्हणालो, यात माझं काही नाही. उलट नुकसानच केलं. पुष्पा म्हणाली, नुकसान दिलं ना भरून. आता हा तुमचा हिस्सा. सगळ्याइले म्हणजे सगळ्याइले. जुलैत, ऑगस्टात बी ठेवला होता, तुमी उठलेच नाही खुर्चीवरून.

मी ताठ बसून म्हणालो, मी फुकटचं घेणार नाही. काहीतरी अट घाला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अविनाश म्हणाला, रांगेत त नाहीच. बनाबाई म्हणाली, चहाजवळ बी नको, मागचं भांडं अजून निघालं नाही. तुळशीराम म्हणाला, दादाले झोप लागत नाही, नाही त माझ्यासोबत नेला असता.  माय म्हणाली, पंजाबले काही सांगू नका, तो मन लावून करते.

पुष्पा म्हणाली, घ्या हो. अट नाही काही.

मी हट्टच धरला. साधी का होईना, पण अट पाहिजे. मी अट पूर्ण करणारा माणूस आहे. शेवटी ती म्हणाली, बरं, इचार करतो आमी.

पाकीट तूर्त अनामत म्हणून ठेवून घेतलं आहे. उघडलेलं नाही. थोडंसं उघडलं.

३ ऑक्टोबर

विचारलं. चालू आहे म्हणे विचार.

६ ऑक्टोबर

आज पुन्हा विचारलं. पुष्पा चहा गाळत होती. व्हरांड्यात गर्दी होती. म्हणाली, अहो, जरा बाजूले बसा, सुचली की सांगतो.

बाजूला बसलो आहे. अजून सुचलेली नाही. माझ्यासारख्या माणसाला शोभेल अशी अट काढायची, म्हणजे वेळ लागणारच.